हिरा की गार? खनिजांची पारख कशी करावी

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत यांपैकी कोणत्याही तालुक्यात जा. उन्हाळ्यात नव्या विहिरीचे काम चाललेले तुम्हाला दिसेल. सुरुंगाने फोडलेल्या काळ्या दगडाचा ढीग काठावर पडलेला असतो आणि त्या काळ्या दगडांत मधूनच काहीतरी चकाकते. कुठे पांढऱ्या सुयांचा पुंजका असतो, कुठे पाण्यासारखा स्वच्छ सहा बाजूंचा खडा, तर कुठे फिकट गुलाबी पापुद्रे. मुले हे खडे खिशात घालून शाळेत आणतात आणि गुरुजींना पहिला प्रश्न विचारतात, “सर, हा हिरा आहे का?”

प्रश्न भाबडा वाटला तरी त्याला हसू नये. “तुमच्या विहिरीत हिरे निघाले आहेत, तपासणीसाठी आगाऊ पैसे द्या” असे सांगणारा कोणी भेटला, तर तो खरे बोलतो की खोटे हे कशावरून ठरवायचे? त्याने त्या खड्याने काचेवर ओरखडा काढून दाखवला आणि “काच कापली, म्हणजे हिराच!” असे म्हटले, तर त्यावर काय उत्तर द्यायचे? उत्तर द्यायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक खिळा, काचेचा तुकडा, चुंबक, शाळेचा तराजू आणि थोडे आम्ल एवढे साहित्य बहुतेक वेळा पुरते. मात्र प्रत्येक कसोटी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट समजले पाहिजे.

खडक आणि खनिज

प्रथम दोन शब्दांतील फरक लक्षात घेऊ. विहिरीतून निघणारा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. हा खडक आहे. त्याची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तिच्यात फेल्स्पार, पायरोक्सीन, मॅग्नेटाइट अशा निरनिराळ्या पदार्थांचे कण एकमेकांत गुंतलेले दिसतात. यांतील प्रत्येक पदार्थ म्हणजे एक खनिज. खिचडी आणि तिच्यातील डाळ-तांदूळ यांचे जे नाते, तेच खडक आणि खनिज यांचे.

खनिज म्हणण्यासाठी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. तो पदार्थ निसर्गात तयार झालेला घन पदार्थ असावा, त्याचे रासायनिक संघटन ठराविक मर्यादेत निश्चित असावे आणि त्याच्यातील अणू ठराविक क्रमाने रचलेले असावेत. शेवटची अट किती महत्त्वाची आहे, हे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला दिसते. तेथील विवर अशनीच्या आघाताने झाले, हे 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट झाले. त्या आघाताच्या प्रचंड दाबाने बेसाल्टमधील फेल्स्पारच्या काही स्फटिकांची अणुरचनाच विसकटली आणि त्यांची काच बनली. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. घटक तेच, प्रमाण तेच. फक्त अणूंची शिस्त गेली. तेवढ्याने तो पदार्थ फेल्स्पार राहिला नाही.

हे खडे आले कोठून?

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे लोटच्या लोट बाहेर पडले आणि थरावर थर साचले. आजही दख्खनमध्ये सुमारे 5 लाख चौ. कि.मी. क्षेत्र या थरांनी व्यापले आहे. हिंगोली जिल्ह्याची जवळजवळ सर्व भूमी त्यांचीच बनलेली आहे. लाव्हा निवताना त्यातील वायूंचे बुडबुडे वरच्या भागात अडकले व तेथे पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून गरम पाणी झिरपत राहिले. या पाण्यात विरघळलेले सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांसारखे घटक पोकळ्यांच्या भिंतींवर सावकाश जमत गेले आणि त्यांचे स्फटिक तयार झाले.

पांढऱ्या ठिपक्यांच्या अशा दगडाला विहीर खोदणारे लोक ‘मांजऱ्या’ म्हणतात. ठिपके नसलेला, घट्ट, घणाला दाद न देणारा तो काळा पाषाण. झिजलेल्या व भेगाळलेल्या मांजऱ्या खडकात पाणी साठण्याचा संभव असतो. काळ्या पाषाणात भेगा नसतील तर तो कोरडाच असतो. म्हणजे खडकातील खनिजे ओळखणे ही मराठवाड्यात नुसती हौस नाही. विहिरीवर खर्च होणाऱ्या पैशांशी तिचा संबंध आहे.

रंगावर विसंबू नका

खनिज हाती आले की आपले लक्ष प्रथम रंगाकडे जाते, आणि पहिली फसगत तेथेच होते. शुद्ध क्वार्ट्झ, म्हणजे आपली गार, रंगहीन असते. त्यात किंचित लोह असून त्यावर नैसर्गिक किरणोत्सर्गाचा परिणाम झाला की ती जांभळी होते. तिला आपण जांभूळमणी म्हणतो. तीच गार गुलाबी, धुरकट किंवा पिवळसरही असते. उलट पांढरी खनिजे तर डझनावारी आहेत.

रंगापेक्षा चूर्णाचा रंग अधिक विश्वसनीय. सोनार कसोटीच्या दगडावर सोने घासून कस पाहतो, ते तुम्ही पाहिले असेल. खनिजविज्ञानातही या परीक्षेला ‘कस’ असेच म्हणतात. चिनी मातीच्या फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि तिच्यावर खनिज घासा. हेमॅटाइट हे लोहखनिज दिसायला कधी काळे, कधी पोलादी, कधी तांबडे असते. पण त्याचा कस नेहमी गेरूसारखा तांबूस येतो. मॅग्नेटाइट हेही काळे लोहखनिज, पण त्याचा कस काळा. पायराइट सोन्यासारखे पिवळे चमकते, पण त्याचा कस हिरवट काळा येतो. सोन्याचा कस पिवळाच असतो. फरशीची कठिनता साधारण 6.5 असते. त्याहून कठीण खनिजे फरशीलाच ओरखडतात, त्यांचा कस मिळत नाही.

कठिनतेची शिडी

एक पदार्थ दुसऱ्यावर ओरखडा काढू शकतो, तेव्हा पहिला दुसऱ्यापेक्षा कठीण असतो. या साध्या तत्त्वावर फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजवैज्ञानिकांनी 1812 साली दहा पायऱ्यांची श्रेणी तयार केली. ती अशी: 1. शंखजिरे, 2. जिप्सम, 3. कॅल्साइट, 4. फ्लोराइट, 5. ॲपेटाइट, 6. ऑर्थोक्लेज, 7. क्वार्ट्झ, 8. पुष्कराज, 9. कुरुविंद, 10. हिरा.

तुमच्या पेटीत ही दहा खनिजे नसली तरी चालेल. नखाची कठिनता सुमारे 2.5, तांब्याच्या तारेची 3, खिडकीच्या काचेची 5.5 आणि पोलादी कानशीची 6.5 धरा. जुन्या पुस्तकांत तांब्याचे नाणे वापरायला सांगितलेले असते. आजची नाणी बहुधा स्टीलची असल्याने त्यांचा येथे उपयोग नाही. ओरखडा काढल्यावर बोट ओले करून ती जागा पुसा. रेघ पुसली गेली, तर ते घासणाऱ्या पदार्थाचेच चूर्ण होते. राहिली, तरच तो खरा ओरखडा.

येथे एक सावधगिरी हवी. या श्रेणीतील आकडे केवळ क्रमांक आहेत, मोजमाप नव्हे. शर्यतीतील पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकांवरून धावपटूंमधील अंतर कळत नाही, तसेच हे आहे. प्रत्यक्ष मोजले असता कुरुविंद आणि हिरा यांच्यातील अंतर हे शंखजिरे आणि कुरुविंद यांच्यातील अंतराहून मोठे भरते.

आता काच कापणाऱ्या त्या खड्याचा विचार करा. काच 5.5, गार 7. म्हणजे साधी गारसुद्धा काचेवर सहज ओरखडा काढते! काच कापली एवढ्यावरून खडा काचेहून कठीण आहे इतकेच सिद्ध होते. “खरा हिरा घणाने फुटत नाही” हा समजही चुकीचा आहे. कठीणपणा म्हणजे ओरखड्याला विरोध. चिवटपणा हा गुण वेगळा. हिऱ्याला चार दिशांना सहज दुभंगण्याच्या पातळ्या असतात आणि नेमक्या घावाने तो फुटतो. म्हणून अशी ‘परीक्षा’ कोणी करू नये.

काही खनिजांची कठिनता दिशेनुसार बदलते. भंडारा जिल्ह्यात सापडणारे निळसर कायनाइट लांबीच्या दिशेने 5 च्या आसपास कठीण असते आणि चाकूने ओरखडले जाते. आडव्या दिशेने मात्र त्याची कठिनता 6.5 ते 7 असते व चाकू घसरतो. अणूंची रचना दोन्ही दिशांना सारखी नसते, हे त्याचे कारण.

तुटतो कसा?

गारेचा तुकडा फुटला तर फुटलेली बाजू शिंपल्यासारखी वळणदार असते. याला शंखाभ भंजन म्हणतात. कॅल्साइट फोडले तर मात्र दर वेळी सपाट बाजूंचे, तिरक्या चौकोनांनी बनलेले तुकडे मिळतात. ते तुकडे पुन्हा फोडा, आकार तोच. कोन सुमारे 75 व 105 अंशांचे. ठराविक पातळीत दुभंगण्याच्या या गुणाला पाटन म्हणतात. ज्या पातळ्यांमधील अणूंचे बंध दुबळे असतात, तेथे खनिज दुभंगते.

याच स्वच्छ कॅल्साइटचा एक तुकडा छापील ओळीवर ठेवा. प्रत्येक अक्षर दोनदा दिसेल. 1669 साली डेन्मार्कच्या बार्टोलिन यांनी हा चमत्कार नोंदवला. कॅल्साइटमध्ये शिरणाऱ्या प्रकाशकिरणाचे दोन किरण होतात, आणि त्यांचे वक्रीभवनांक 1.658 व 1.486 असे बरेच भिन्न असू शकतात. तुकडा 1 सें.मी. जाड असेल, तर दोन प्रतिमा सुमारे 1 मि.मी. अंतरावर पडतात. तुकडा कागदावर ठेवूनच फिरवा. एक प्रतिमा स्थिर राहील आणि दुसरी तिच्याभोवती फिरेल. गारेतही किरण दुभंगतो, पण तिचे दोन वक्रीभवनांक 1.544 आणि 1.553 इतके जवळचे आहेत की लहान खड्यातून नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही.

तराजूची साक्ष

आता भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सर्वांत आवडणारी कसोटी पाहू. खडा दोऱ्याने तराजूला टांगून आधी हवेत व मग पाण्यात बुडवून वजन करा. वजनातील घट म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. हवेतील वजनाला या घटीने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. आर्किमिडीजचे तत्त्व ते हेच.

समजा, खडा हवेत 53.0 ग्रॅ. आणि पाण्यात 33.0 ग्रॅ. भरला. घट 20.0 ग्रॅ.; म्हणून विशिष्ट गुरुत्व 53 ÷ 20 = 2.65. हे गारेचे मूल्य आहे. पण कॅल्साइटचे मूल्य 2.71 आहे! मग आपण गारच मोजली, हे खात्रीने म्हणता येईल काय? उत्तर तराजूवर अवलंबून आहे. घटीमध्ये 1 ग्रॅमची चूक होऊ शकत असेल, तर खरी घट 19 ते 21 ग्रॅ. यांमध्ये कोठेही असेल आणि उत्तर 2.52 ते 2.79 यांमध्ये येईल. साध्या ताणकाट्याने हा निवाडा होणार नाही, 0.1 ग्रॅमपर्यंत अचूक तराजूच हवा. आकडा लिहिताना त्याची चूकही लिहावी, असे आम्ही महाविद्यालयात पुन्हा पुन्हा सांगतो ते याचसाठी.

आता हिऱ्याकडे वळू. त्याचे विशिष्ट गुरुत्व 3.52. आपला 53 ग्रॅमचा खडा हिरा असता, तर पाण्यात त्याची घट 20 नव्हे, सुमारे 15 ग्रॅ. आली असती. हा फरक साधा ताणकाटाही दाखवील. शिवाय 5 कॅरट म्हणजे 1 ग्रॅम, या हिशेबाने तो हिरा 265 कॅरटचा ठरला असता. कोहिनूर आज सुमारे 105.6 कॅरटचा आहे. विहिरीच्या ढिगाऱ्यातून कोणी अडीच कोहिनूर काढून दाखवू लागला, तर त्याला तराजूपाशी न्यावे!

या प्रयोगासाठी खडा एकसंध व स्वच्छ हवा. पोकळ्या असलेला किंवा बुडबुडे चिकटलेला खडा पाण्यात जास्त हलका भासतो आणि उत्तर कमी येते.

चुंबक, आम्ल आणि ज्योत

कयाधूच्या पात्रातील मूठभर वाळू वाळवून कागदावर पसरा आणि चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवा. काळे बारीक कण पिशवीला चिकटतील. ते बहुतांशी मॅग्नेटाइटच्या जातीचे लोहखनिज होय. बेसाल्ट झिजला, हलके कण दूर वाहून गेले आणि हे जड कण मागे राहिले.

पुढची कसोटी आम्लाची. कॅल्साइटवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला की तो फसफसतो. कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो. काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडेही असेच फसफसतात, कारण त्यांतही कॅल्शियम कार्बोनेट असते. आम्ल नसेल तर खड्याचे चूर्ण करून त्यावर लिंबाचा रस टाका. क्रिया सावकाश होईल, पण दिसेल. गार आम्लाला दाद देत नाही.

तिसरी कसोटी ज्योतीची. 1756 साली स्वीडनचे क्रोनस्टेट यांनी एक खनिज तापवले, तेव्हा ते फुगून त्यातून वाफ निघू लागली. त्यांनी त्या जातीला ‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड, हे ग्रीक नाव दिले. मांजऱ्या खडकातील पांढऱ्या ठिपक्यांत ही खनिजे पुष्कळदा असतात. कोरड्या परीक्षानळीत चिमूटभर चूर्ण घेऊन तापवा. नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतील. स्टिल्बाइट या झिओलाइटात वजनाच्या सहाव्या हिश्शाहून थोडे अधिक पाणी असते. गार किंवा कॅल्साइट असे पाणी देत नाहीत. जिप्सम देते, पण ते नखाने ओरखडले जात असल्याने वेगळे ओळखू येते.

चार पांढरे खडे

आता सर्व कसोट्या एकत्र करू. समोर अनोळखी पांढरे खडे आहेत, असे समजा.

(1) नखाने ओरखडा उठला तर जिप्सम किंवा त्याहून मऊ काहीतरी.
(2) नखाने उठला नाही, खिळ्याने उठला आणि आम्लात फसफसले, तर कॅल्साइट.
(3) खड्याने काचेवर स्पष्ट ओरखडा काढला, आम्लाचा परिणाम नाही, तापवल्यावर पाणी नाही, भंजन शंखाभ, तर गार.
(4) कठिनता मधली, फसफसणे नाही, पण तापवल्यावर पाणी निघाले, तर झिओलाइट किंवा त्याच्या सोबत आढळणारे ॲपोफिलाइट.

चौथ्या गटात आकार मदतीला येतो. मध्ये बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखे पुंजके आणि मोत्यासारखी चमक असेल, तर ते बहुधा स्टिल्बाइट. एका बिंदूपासून पसरलेल्या सुया असतील, तर स्कोलेसाइट. हे तापवल्यावर अळीसारखे वळते आणि त्यावरूनच त्याचे नाव पडले आहे. चौकोनी खांब, टोकाशी मनोरा आणि आडवे पाटन असेल, तर ॲपोफिलाइट. अशा सुंदर नमुन्यांसाठी नाशिक, जळगाव व पुणे हे जिल्हे जगभर प्रसिद्ध आहेत. सिन्नर येथे ‘गारगोटी’ नावाचे खनिजांचे संग्रहालयच आहे. सहलीला गेलात तर अवश्य पाहा.

वर्गीकरण कशाच्या आधारे?

आजवर सहा हजारांच्या आसपास खनिजांना मान्यता मिळाली आहे. त्यांची मांडणी कशी करावी? रंगानुसार केली तर जांभळी गार व पांढरी गार वेगळ्या कपाटांत जातील. धातूनुसार केली तर लोहाचे कार्बोनेट हेमॅटाइटशेजारी बसेल. पण त्याचे पाटन, स्फटिकांचा आकार आणि आम्लातील वागणूक ही सारी कॅल्साइटच्या जवळची असते. म्हणून खनिजांचे वर्ग ऋण आयनावरून पाडतात: मूलद्रव्ये, सल्फाइडे, ऑक्साइडे, हॅलाइडे, कार्बोनेटे, सल्फेटे, फॉस्फेटे, सिलिकेटे इत्यादी. प्रत्येक वर्गात पुढचे पोटभेद अणूंच्या रचनेवरून करतात.

रचना पाहण्याचे साधन 1912 साली हाती आले. त्या वर्षी लाउए यांच्या सूचनेवरून क्ष-किरण स्फटिकातून जाऊ दिले गेले आणि छायापटावर ठिपक्यांची नक्षी उमटली. पुढे ब्रॅग पितापुत्रांनी अशा नक्षीवरून अणूंच्या जागा काढल्या. नुसते रासायनिक संघटन का पुरत नाही, याचे उत्तम उदाहरण पुण्याजवळच्या वाघोलीत आहे. तेथील खाणींत कॅव्हॅन्साइट हे गडद निळे खनिज सापडते. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या नावांतील अक्षरे जोडून त्याचे नाव बनले आहे. त्याच खाणींत पेंटॅगोनाइटही मिळते. दोघांतील मूलद्रव्ये तीच, प्रमाणही तेच. केवळ अणूंची रचना निराळी, म्हणून खनिजे दोन. हिरा आणि ग्रॅफाइट हे कार्बनचे प्रसिद्ध जोडपेही असेच.

झिओलाइटच्या रचनेचे रहस्यही क्ष-किरणांनीच उलगडले. 1930 साली लायनस पॉलिंग यांनी अशा काही खनिजांचा अणूंचा सांगाडा मांडून दाखवला. त्यात ठराविक मापाच्या पोकळ्या व बोगदे असतात. त्यांत पाणी राहते आणि तापवल्यावर ते निघून गेले तरी सांगाडा बहुधा कोसळत नाही. रिकाम्या बोगद्यांत मग दुसरे रेणू शिरू शकतात. या तत्त्वावर कारखान्यांत कृत्रिम झिओलाइट बनवतात. हवा त्यातून दाबाखाली सोडली की नायट्रोजनचे रेणू सांगाड्यातील धन आयनांकडे जास्त ओढले जाऊन अडकतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांना ऑक्सिजन अपुरा पडला, तेव्हा ऑक्सिजन तयार करणाऱ्या संयंत्रांसाठी परदेशांतून विमानाने झिओलाइट आणावे लागले. मांजऱ्या खडकातील पांढरा ठिपका हा त्याच कुळातला. हिरा नसेल, पण तुच्छ मुळीच नाही!

संग्रह करताना

शाळेत खनिजांचा संग्रह सुरू करायचा असेल, तर काही नियम पाळा. विहिरीच्या किंवा खाणीच्या ढिगाऱ्यावर मालकाची परवानगी घेऊन आणि मोठ्यांसोबतच जा. न उडालेला सुरुंग जिवावर बेतू शकतो. दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा. आम्ल व ज्योत शिक्षकांच्या देखरेखीखालीच वापरा. देवळे, लेणी आणि लोणारसारखी संरक्षित स्थळे येथून एक खडाही उचलू नका.

प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्या आणि वहीत गाव, शिवार, विहिरीतील खोली व तारीख लिहा. नंतर कस, कठिनता, पाटन, विशिष्ट गुरुत्व, आम्लाचा व उष्णतेचा परिणाम यांसाठी रकाने पाडा. नाव शेवटच्या रकान्यात येऊ द्या, आणि कसोट्यांनी दोन नावांची शक्यता ठेवली तर दोन्ही लिहा. अशी वही दहा गावांतील शाळांनी ठेवली, तर कोणत्या शिवारात किती खोलीवर मांजऱ्या लागला आणि कोठे काळा पाषाण, हे एका नकाशावर मांडता येईल. पुढची विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याला तो नकाशा नक्कीच उपयोगी पडेल.